नेलकटर

माझी थोरली जाऊ, शुलमीत,
दर गुरुवारी क्वार्टर गेटपासून चालत ससूनला जाते.
पिशवीत नेलकटर, कालचा पेपर, डेटॉलची बाटली
आणि पाय भिजवायला स्टीलचा पसरट डबा.
त्याच डब्यात आम्ही नाताळच्या करंज्या ठेवायचो,
म्हणून मी चार दिवस बोलले नव्हते तिच्याशी.

ज्यांना भेटायला कुणी येत नाही
त्यांची नखं कापते. बस, एवढंच.
फळं नेत नाही, पत्रकं वाटत नाही.
मी म्हटलं, बाई, निघताना एखादं वचन तरी म्हणा.
म्हणाली, "नख कापताना श्वास धरावा लागतो गं."

एकदा तिचे गुडघे धरले होते, तेव्हा पिशवी घेऊन मी गेले.
म्हातारपणी पायांची नखं शिंपल्यांसारखी होतात,
पिवळी, आत वळलेली,
भिजवली तरी ऐकत नाहीत.
मला मळमळलं. खिडकीकडे पाहत उभी राहिले,
खाली दोन रिक्षावाले एका भाड्यावरून भांडत होते.

बेड सतरा. पायथ्याच्या कागदावर:
अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ,
स्टेशनजवळ सापडला.
महिनाभर तोंडातून शब्द नाही.
शुलमीतनं त्याचा अंगठा मांडीवर घेतला,
चष्मा वर सरकवला,
आणि कच्चकन मांसच कापलं.

रक्त फार नव्हतं. थेंबभर.
पण चाळीस वर्षं बालवाडीत
फुटके गुडघे पुसलेली ही बाई अशी घाबरली,
पदरानं दाबून धरलं, डेटॉल सांडलं,
"चुकले हो, चुकले" म्हणत राहिली.
त्या माणसानं हात उचलला, अर्धाच, परत ठेवला.
गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला:
"असू दे, ताई."

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं,
कुणाला साक्ष द्यायची आहे?
नेहमी तेच उठतात, कुणाला व्हिसा मिळालेला,
कुणाचा मुतखडा पडलेला.
त्या दिवशी शुलमीत उठली.
"मला क्षमा मिळाली," म्हणाली. "बेड सतरा."
आणि बसली.
मंडळी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली.
शेवटी पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला.

प्रभुभोजनाचा प्याला हातात आला तेव्हा
ती आत बघत राहिली, इतका वेळ
की मागच्यांनी खाकरून घेतलं.

पुढच्या गुरुवारी त्या बेडवर दुसराच कुणी.
सिस्टर म्हणाली, माझी ड्युटी नव्हती, विचारून सांगते.
सांगितलं नाही.
शुलमीतनं पेपर पसरला,
नव्या माणसाला विचारलं,
"पाणी कोमट चालेल ना?"

मी डबा उचलला.
त्या वॉर्डात नळ कुठे आहे
ते आता मला माहीत आहे.