काटा हिरव्यात

आमच्या 'ला पोर्फियादा' बोटीवर ते लाल नळकांडं
नऊ वर्षं लटकत होतं, रेनकोटांच्या मागे.
त्याच्या मानेवर टोप्या वाळायच्या,
पिनेला कुणीतरी बाटलीचा ओपनर बांधला होता.
मी म्हणालो, काटा हिरव्यात आहे, बाई,
पुढच्या बोटीवर जा.

नेलिदा ओयार्सून गेली नाही.
केम्चीपासून दाल्काउएपर्यंत
सगळे धक्के तिला ओळखतात:
गमबूट, काखेत रबरी हातोडा,
आणि कुणाचं ऐकून न घेण्याची खोड.
तिनं नळकांडं उतरवलं, उलटं केलं,
माझ्या कानाला लावलं.
"ऐक."
मी ऐकलं. काहीच नाही.
"तेच तर."

पावडर वाहायला हवी, ती म्हणाली,
गोणीत रवा घसरतो तसा आवाज हवा.
इथे नऊ वर्षांच्या इंजिनाच्या थरथरीनं
ती दबत दबत तळाशी बसलेली,
चिलोएच्या हवेत मिठाच्या बरणीचं होतं तसं.
आत एक दगड
आणि दगडाच्या डोक्यावर पुरेसा दाब.
काटा फक्त दाबाचं सांगतो.
दगडाचं त्याला कुणी विचारत नाही.

मी दांडा दाबायला गेलो, थोडासाच, खात्री म्हणून,
तर हातावर हातोडा बसला. रबरी होता म्हणून बरं.
"चव बघायला हे काय कालवण आहे?
एकदा तोंड उघडलं की एखादा कण झडपेत अडकतो,
मग रात्रभर दाब निसटत राहतो, मुकाट्यानं.
सकाळी तुझ्याकडे उरतं
लाल रंगाचं एक वजन."

ती ते घेऊन गेली. दुसरं टांगलं,
इंजिनाच्या खोलीबाहेर, दाराशी.
आगीच्या पलीकडे टांगलेलं काय कामाचं?
टोप्यांसाठी वेगळा खिळा ठोकला.
ओपनर माझ्या हातावर ठेवला.
पैसे घेतले, जरा जास्तच.

ऑगस्टमध्ये, देसेर्तोरेस बेटांच्या आडोशाला,
डिझेलची नळी फुटली.
तापलेल्या एक्झॉस्टवर एक थेंब, दुसरा,
तिसऱ्याला खोली पिवळी झाली.
योनातान, सतरा वर्षांचा, पिन ओढत होता
आणि त्याच मुठीत दांडा आवळत होता.
पिन निघेना.
"सोड! मग ओढ!"
वाक्य तिचं, तोंड माझं.

दाराकडे पाठ. तीन पावलं लांब.
ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी,
अंगण झाडावं तसं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
सगळी मिळून दहा सेकंद असतात तुमच्याकडे.
दहा सेकंद म्हणजे
नमो मारियेची अर्धी प्रार्थना.

आग गेली. ढगात आम्ही खोकत हसलो.
आणि ती पुन्हा उठली, त्याच जागेवरून,
कारण पावडर आगीवर पांघरूण घालते,
लोखंड गार करत नाही.
पोरानं थोडं राखून ठेवलं होतं.
कसं सुचलं, त्यालाही माहीत नाही.
तोवर एवारिस्तोनं चाचपडत
इंधनाची तोटी बंद केली,
तळहाताची साल तिथेच ठेवून.

मग पावडर सगळीकडे:
बटाट्यांवर, रेडिओच्या बटणांत, माझ्या मिशांत.
लगेच पुसा, नाहीतर तारा खाईल, हेही तिनंच सांगितलेलं.
आम्ही पुसत पुसत किनाऱ्याला लागलो.
बघितलं तर काटा अजून
हिरव्याच्या कडेला टेकून उभा, शहाण्यासारखा.
उरलंय थोडं, मी म्हणालो,
आणि खुंटीवर परत टांगलं.
झोपलो.

पहाटे काटा शून्यावर.

नेलिदा रागावली नाही. काचेवर फक्त नख वाजवलं.
रागावली असती तर बरं झालं असतं.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी
मी ते उतरवतो, उलटं करतो, कान लावतो.
योनातान विचारतो, आज काय म्हणतंय?
मी त्याच्याकडे देतो.
तो डोळे मिटून ऐकतो, बराच वेळ,
गरजेपेक्षा जास्तच.

ओपनर मात्र त्या दिवसापासून सापडलेला नाही.