सहयोगी

दारावरची पाटी गेल्या जूनमध्ये बदलली.
‘सहायक’ खरवडून ‘सहयोगी’ लिहिताना
रंगारी म्हणाला, मॅडम, फरक काय पडतो?
म्हटलं, अक्षरं चारच्या चारच आहेत.
पैसे तेवढेच घे.

तेरा वर्षं लागली त्या चार अक्षरांना.
आता वर बोलताना मी ‘सर, जरा बघा ना’
आणि खालून ऐकताना ‘मॅडम, तुम्ही बोला ना वर’.
खोलीसुद्धा मधल्याच मजल्यावरची :
डोक्यावर बैठकीच्या खुर्च्या सरकतात,
पायाखालून प्रयोगशाळेतला अमोनिया चढत येतो.

सकाळी टी.वाय.चा तास.
मग अंतर्गत गुण भरायचे, पोर्टल झोपलेलं.
मग निकष सात, त्यातला उपनिकष कुठला ते आठवायचं,
वृक्षारोपणाचा फोटो अक्षांश-रेखांशासह.
रोप मार्चमध्येच वाळलं.
फोटो मात्र पाच वर्षं जगवायचा आहे.

माझ्या पालकत्वाखाली वीस मुलं, वीस तक्ते.
हिरामण भोये, सुरगाणा. हजेरी बावन्न टक्के.
रात्री दिंडोरीकडे द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये खोकी मोजतो,
सकाळच्या एसटीने येतो, शेवटच्या बाकावर
डोळे उघडे ठेवून झोपतो.
तक्त्यात विचारलंय : विद्यार्थ्याची समस्या (एका ओळीत).
मी लिहिलं : झोप.
पुढचा रकाना : केलेली उपाययोजना.
तो अजून कोराच आहे.

पण ब्युरेटची तोटी त्याच्याइतकी हळू
अख्ख्या वर्गात कुणी सोडत नाही.
शेवटचा थेंब टोकाशी लोंबता ठेवतो,
काचेला टेकवून निम्माच उतरवतो,
आणि फ्लास्कमध्ये असा गुलाबी उमटतो
की आहे म्हणावं तर आहे.
मी विचारलं, कुठं शिकलास?
‘घडाला हात लावायचाच नसतो, मॅडम.
देठ धरायचा. वरची लव पुसली गेली की माल बाद.’
हजेरी माफीच्या अर्जावर शिफारस केली.
कारण म्हणून ‘वैद्यकीय’ लिहिलं.

आणि सुलक्षणा पगार. तासिका तत्त्वावर.
आडनावावरचा विनोद पहिल्या वर्षी तिनेच केला होता.
आता सहावं वर्ष. कुणी करत नाही.
दिवाळीचे पैसे होळीला येतात,
तरी तिचा खडू माझ्याआधी फळ्याला लागतो.
सेट, नेट, पीएच.डी., सगळं एका पिशवीत;
दर जूनला तीच पिशवी, तीच मुलाखत,
आणि टेबलाच्या या बाजूला मी, विषयतज्ज्ञ.

गुरुवारी बैठक झाली.
भरतीची फाइल पुण्यात आहे, सर म्हणाले,
यंदाही तासिकांवरच भागवू.
मी बोलले. खरंच बोलले,
आवाज जरा चढलाही असेल.
बशीतली द्राक्षं कुणीतरी माझ्याकडे सरकवली.
इतिवृत्तात त्याचं ‘चर्चा झाली’ एवढं झालं,
आणि खाली ‘एकमताने मंजूर’.
कागद फिरत फिरत आला. पेन माझंच होतं.

संध्याकाळी गंगापूर रोडवर
ती बसची वाट बघत उभी.
स्कूटर थांबवली. बसली मागे.
जेहान सर्कलपर्यंत ती काही विचारेना,
मी काही सांगेना.
धरणातून पाणी सोडलं असावं,
पुलावर गंगेचा गार वास आला.
मखमलाबाद नाक्याला उतरताना ती म्हणाली,
‘तुमच्याकडे पेपरचे गठ्ठे आलेत ना?
उद्याचा तुमचा पहिला तास मी घेते.’

तो तास तिच्या बिलात धरत नाहीत.
माझ्या हजेरीपटावर तो माझाच लागेल.
मला हे पाठ आहे, तिलाही आहे.

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले.
मी हो म्हणाले.