एकशे पासष्ट

पहाटे साडेतीनला बर्फाचा ट्रक शेडमध्ये लावून
मी घरात शिरतो,
तर सासूबाई स्वयंपाकघरात जाग्याच.
पायांत माझेच जुने लोकरी मोजे,
एप्रनच्या खिशात थर्मामीटर,
मास्तरांनी पेन खोचावं तसा.

लोर्ना पेल्की.
एकतीस वर्षं कॅरिबूच्या शाळेत
चारशे पोरांना जेवू घातलं,
एकाचंही पोट बिघडू दिलं नाही.
हे वाक्य त्या वर्षातून दोनदा म्हणतात,
त्यातलं एकदा टर्की कापताना.

या गुरुवारी म्हणाल्या नाहीत.
या गुरुवारी, ग्रेव्ही हातोहात फिरत असताना,
मी बोलून गेलो होतो
की बटाट्याचं ते खालचं शेत
आता विकलेलंच बरं.
काटे थांबले. जोलीन मिठाच्या डबीकडे बघत राहिली.
सासूबाई उठल्या, घड्याळ पाहिलं,
आणि उरलेली टर्की हाडांवरून सोडवायला बसल्या.
दोन तास व्हायला अजून वीस मिनिटं होती.
पाहुणे असोत, राग असो,
शिजलेलं मांस दोन तासांवर बाहेर राहता कामा नये.
पसरट डबे, पातळ थर, झाकणावर तारीख.
रडल्या असतील तर फ्रिजच्या दाराआड.

आज रविवार. म्हणजे तिसरा दिवस.
चौथ्यानंतर त्या कुत्र्यालाही देत नाहीत.

‘थंडच खातो,’ मी म्हणतो,
‘नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं...’
त्या ऐकतच नाहीत.
काचेच्या भांड्यात काप मांडतात:
छातीचे खाली, त्यांना ओल जास्त लागते;
मांडीचे वर, ते सोसतात.
हाडं उकळून काढलेला रस्सा, वाफाळता,
काप अर्धे बुडतील एवढा.
सुपारीएवढं लोणी.
वरून फॉइल,
कडा अंगठ्याने दाबत दाबत,
तान्ह्याची दुलई खोचावी तशा.
‘घाई केली की कडांचं चामडं होतं
आणि मध्ये गारठा तसाच राहतो.’
हे त्या ओव्हनला सांगतात.

मग आम्ही बसतो.
शिळ्या कढीला ऊत आणायचा नाही,
हे मी सहा तास वायपरच्या तालावर घोकत आलोय.
त्याही बहुधा काहीतरी घोकत बसल्या असाव्यात;
ओठ हलतायत.
खिडकीबाहेर उणे अठरा.
ओव्हनचा पंखा, फ्रिजची घरघर,
माझ्या बुटांखाली वाढत जाणारं तळं.

वीस मिनिटांनी फॉइलचा एक कोपरा उचलून
त्या सर्वांत जाड कापात सुई खुपसतात.
एकशे अठ्ठेचाळीस.
‘अजून नाही.’
कोपरा परत खाली.

‘किती पडलंय?’
‘नऊ इंच. वाऱ्याने कुठे कुठे कंबरेएवढं.’
‘शाळेचा रस्ता?’
‘काढला.’
‘चर्चचा?’
‘तोही.’
जरा वेळ काहीच नाही.
‘खालच्या शेताचा?’
तो माझ्या कंत्राटात नाही, त्यांना माहीत आहे.
तिथे एक रिकामं तळघर आहे,
जोलीनच्या वडिलांनी खणलेलं,
आणि हिवाळ्यात तिकडे कोणी फिरकत नाही.
‘दोनदा फिरवला,’ मी म्हणतो.
‘दारापर्यंत.’

त्या उठतात.
पुन्हा सुई. एकशे एकसष्ट.
चार अंशांसाठी आम्ही दोघं उभेच राहतो,
कोणी काही बोलत नाही,
बशी माझ्या हातात.

एकशे पासष्ट.
‘आता,’ त्या म्हणतात.

काप चिमट्यात वाकतो, तुटत नाही.
भांड्याच्या तळचा रस्सा त्या चमच्याने वर घालतात,
एकदा, मग थांबून आणखी एकदा.
‘तुझ्यापुरतंच केलंय. सगळं संपव.
हे परत गरम करता येत नाही.’

मी खातो. जीभ भाजते.
सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या राहून
त्या थर्मामीटरची सुई उकळत्या पाण्याने धुतात,
पुसतात, खिशात ठेवतात,
आणि त्या वर्षातलं दुसऱ्यांदा म्हणायचं वाक्य
खिडकीच्या काचेला सांगतात:
चारशे पोरं. एकतीस वर्षं.