लागू नसेल ते खोडावे

पणजीच्या कचेरीतला पंखा तीनवर अडकलेला.
शाणूने आल्या आल्या तो पाहिला
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले: तीन.
शिपाई हसला. आईने पदर सावरला.

माझा भाऊ एकेचाळीस वर्षांचा आहे.
बारशाला तो डोळे मिटून होता,
म्हणून कुणाला काही कळायच्या आत
आजोबांचे नाव त्याला लागले.
शाणू. म्हणजे शहाणा.

तेवीस वर्षांपूर्वी एका सकाळी तो सज्ञान झाला.
त्या दिवशीही आईने त्याची नखे कापली,
पेजेतला काटा शोधून काढला,
आणि आम्हाला कुणीच कळवले नाही
की आजपासून तिचा शब्द त्याच्यासाठी चालणार नाही.

कळले ते गेल्या महिन्यात, बांबोळीला.
झडपेचे ऑपरेशन. संमतीचा कागद.
डॉक्टर कुलासो हळूच म्हणाल्या,
"अठरानंतर आई म्हणजे पालक नव्हे हो, आपोआप."
आईने मान हलवली,
न ऐकू आलेल्या गोष्टीला हलवतात तशी.
मग मला म्हणाली, "माझे बहात्तर झाले. तुझेच नाव घाल."

आता हे सांगायला हवे:
चोडणला मानशीजवळ आमचे खाजन आहे.
बाबांच्या मागे अर्धे आईचे, उरलेले आम्हा दोघांत सारखे.
पोर्तुगीज गेले, वाटणी ठेवून गेले,
आणि त्या एका उताऱ्यावर शाणू आणि मी
आयुष्यात पहिल्यांदा सारखे भरलो.
शाळेने भरले नव्हते. बाबांनी नव्हते.
लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्यांनी तर नव्हतेच:
"शाणूला घरीच ठेवा, त्याला गर्दी सोसत नाही."
(त्याला गर्दी फार आवडते.)

गुरगावचा एक माणूस दर पंधरवड्याला फोन करतो.
त्याला खारफुटी दिसेल अशी बाल्कनी हवी आहे.
आई सही करील. मी करीन.
अडले आहे ते एका सहीवर,
जी पालक करू शकतो, परवानगी काढून.
झडपेसाठी आलो, हे खरे आहे.
फक्त झडपेसाठी आलो, असे मी कुठे म्हटले नाही.

मेनेझिस बाईंनी चष्मा काढला, शाणूकडे वळल्या.
"तुमची काळजी कोण घेतं?"
तुम्ही कोण, हे बघायला त्याने मागे पाहिले.
मागे भिंत होती, कॅलेंडर होते.
मग छातीवर हात ठेवून म्हणाला,
"मी घेतो. आईची. रात्री गोळी. पांढरी.
ती विसरते."
आई खाली बघू लागली.
मेनेझिस बाईंनी पेन उचलले, फॉर्म वर-खाली पाहिला.
त्यासाठी रकाना नव्हता.

माझ्यापुढे होता तो कलम अकरा:
अर्जदाराचा मिळकतीत हितसंबंध आहे / नाही.
लागू नसेल ते खोडावे.
"घरी नेऊन भरतो," मी म्हणालो.
उगीचच खोकलो.

रायबंदरच्या धक्क्यावर सव्वाबाराची फेरी.
खलाशी त्याला बघून साखळी सोडतो, ती त्याच्या हातात देतो.
इथे तो कुणाचा पाल्य नाही.
दोन मोटारी, सात स्कूटर, मासळीवाली पावलीन,
सगळी त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर पुढे, मागे, थोडी डावीकडे.
माझ्या काचेवर त्याने टकटक केले.
ओळख दाखवली नाही.
"गाडी बंद कर."

मी किल्ली फिरवली.
फॉर्म डॅशबोर्डवर, कोपरे वाऱ्याने उचललेले,
त्यावर आईची गोळ्यांची पाकिटे वजनाला.
आहे. नाही.
अजून दोन्ही तशीच आहेत.