कडेकडेनं

एकतीस वर्षं आर्वो हेइक्किनेननं
हॅनकॉकच्या चढांवर टपाल वाटलं
आणि एकदाही कुणाच्या हिरवळीवरून
आडवा गेला नाही.
कडेकडेनं, फरशीवरून,
बर्फात फरशी दिसेनाशी झाली तरी
आठवणीनं वळसा घालत.

आता निवृत्त.
आता स्वतःच्याच अंगणात गुडघे टेकलेले,
हातात पाव कापायची सुरी,
आणि प्रश्न असा, की हे जे माजलंय
त्यातलं गवत कोणतं?
मे महिना. सगळंच हिरवं.
हिरव्याइतकं फसवं दुसरं काही नसतं.

पावाच्या रिकाम्या पिशवीत
तळहाताएवढं ढेकूळ घालून
तो काउंटीच्या शेतकी कचेरीत गेला.
डेल्फीन बोशांनं चष्मा कपाळावर चढवला,
एक पातं सोडवून त्याच्या नखावर ठेवलं.
'टोक बघा, होडीची नाळ.
आणि मधोमध या दोन फिक्या रेघा,
स्की गेल्यासारख्या. हे तुमचं ब्लूग्रास.'
'निळं तर कुठेच नाही.'
'नावापुरतं निळं,' ती म्हणाली.

मग दुसरं पातं. रुंद, खरबरीत,
देठाशी दोन बारीक नख्या,
मागून येऊन गळ्यात पडलेल्या
पोराचे हात जसे.
आर्वोला हेच आवडायचं.
बर्फ हटताच हेच वर यायचं,
हेच उंच, हेच भरघोस,
दोन वर्षं तो यालाच खत घालत होता.
'क्वॅकग्रास,' डेल्फीन म्हणाली,
'आणि उपटत बसू नका,
जेवढे तुकडे, तेवढी रोपं.'

लिफाफा हातात घेताच त्याला कळायचं,
बँक, इस्पितळ,
की फौजेतल्या मुलाचं अक्षर.
पायाखालचं मात्र त्यानं कधी
उघडून पाहिलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं अंगण पुन्हा वाचायला घेतलं.
कुंपणाच्या सावलीत, अंग चोरून, ब्लूग्रास.
नळाजवळ सरपटणारी ग्राउंड आयव्ही,
पाय पडला की पुदिन्यासारखा वास.
आणि फाटकापासून पायरीपर्यंत
तिरकी एक पट्टी,
तिथे नुसतं प्लँटेन,
आपल्या इसबगोलाची चुलतबहीण,
माती दगड झाली की जिला मानवते.

पट्टी कुणाची, ते दुपारी कळलं.
ब्रिएल, नवी पोस्टवाली,
कानात गाणं, खांद्यावर थैली,
फाटकातून थेट पायरीकडे.
आर्वोनं तोंड उघडलं.
एकतीस वर्षांचा वळसा जिभेवर आला.
'विजेचं बिल,' ती म्हणाली,
'आणि गुडघे ओले झालेत तुमचे.'

उन्हाळाभर त्यानं यंत्राचं पातं
तीन इंचांवर ठेवलं,
एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापलं नाही,
कापलेलं तिथेच पडू दिलं.
जुलैत गवत तपकिरी होऊन झोपलं,
त्यानं उठवलं नाही.
ऑगस्ट सरता सरता सरोवरावरून
गारवा चढ चढून आला,
तेव्हा जमिनीला भोकं पाडून बी टाकलं.
क्वॅकग्रास आहेच.
पुढच्या वर्षीही असणार.

तिरक्या पट्टीवर मात्र बी नाही.
तिथे त्यानं चपटे दगड बसवले,
आठवडाभर खिडकीतून मोजून घेतलेल्या
ब्रिएलच्या ढांगांच्या अंतरानं.
मग सुरी धुवायला म्हणून
फाटकाकडून घरात निघाला,
आणि दगड सोडून
कडेकडेनं आला.