धडा

हर्णैला लिलाव सुरू व्हायला अजून तास आहे.
माडीवर पंख्याखाली माझा लॅपटॉप तापलाय.
तिकडे स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जमिनीखाली,
गेल्या वर्षी केव्हातरी दोन प्रोटॉन एकमेकांवर आपटले,
त्यातून उडालेल्याचं वजन
मी इथे बसून करते.

क्वार्क एकटा कधीच हाती लागत नाही.
घोळका घेऊन सुटतो, एका दिशेने, फवाऱ्यासारखा.
त्याला आम्ही जेट म्हणतो.
आई शेजारी सांगून आली, पोरगी जेटीचं काम करते.
शेजारीण म्हणाली, बरं झालं बाई,
एवढी वर्षं नुसतं ऐकतोय.
मी दुरुस्त केलं नाही.

कॅलरीमीटर खोटं बोलत नाही,
पण सगळं सांगतही नाही.
शंभर आले तर ऐंशी लिहितो.
काही धातूत मुरतं, काही फटीतून जातं,
न्यूट्रिनो नेतो त्याची तर पावतीसुद्धा नाही.
म्हणून गुणक लावायचा.
आणि गुणक मिळतो समोरच्या पारड्यातून:
एखाद्या टकरीत इकडे फोटॉन सुटतो, बरोबर उलट तिकडे जेट.
फोटॉनचं माप चोख.
जेटचं तेवढंच भरायला हवं.

मग निवड. तीस जीईव्हीखालचे गाळ.
इलेक्ट्रॉन जेटचं सोंग घेऊन आला असेल तर
दोनदा मोजू नको.
ज्याचे धागे मुख्य टकरीपाशी पोचत नाहीत
तो शेजारच्या टकरीचा पाहुणा.
कारण एका क्षणाला एक टक्कर नसते, साठ असतात,
आणि प्रत्येक जेटमध्ये बाकीच्या एकोणसाठांचं
थोडं थोडं पाणी.

तीन आठवडे माझा आलेख एकच्या रेषेवर बसत नाही.
दोन टक्के वर. गर्दी वाढली की आणखी वर.
टोबियास लिहितो, झोप काढ, उद्या बघू.

मी पिशवी घेऊन खाली उतरले.

बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात,
होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर टोपल्या.
द्वारकी पावसे घेतलेला माल निवडत होती.
सुरमई उजवीकडे, बांगडा पुढ्यात,
ढोमा न बघताच मागे सुनेकडे,
फुगलेला केंड पायाच्या अंगठ्याने दूर.
तिला उंबरठा कुणी लिहून दिलेला नाही.

तेवढ्यात एका तांडेलाचा पोरगा आला,
मिसरूड न फुटलेला. क्रेट काट्यावर ठेवला,
किलोचा भाव बोलला, गुणाकारही करून मोकळा.
बर्फाचे शंभर शेवटी कापू, म्हणाला.

द्वारकी हसली नाही.
"आधी बरफ काढ. धडा कर. मग भाव बोल.
माका बरफ सुरमयच्या भावान नको."

मी वाळूत उभी.
पायाखालून लाट वाळू ओढत होती
आणि मला माझी एकशे बेचाळिसावी ओळ दिसत होती:
आधी गुणलं, मग वजा केलं.
साठ टकरींच्या पाण्याला
मी तीन आठवडे
सुरमईचा भाव लावत होते.

धडा. शाळेतला शब्द आणि काट्यावरचा,
एकच. मला आजवर पहिलाच येत होता.

बांगडे घेतले अर्धा किलो.
काटा स्थिर झाल्यावर तिने वरून दोन मांदेल्या टाकल्या,
म्हणाली, ह्या मोजू नको.

रात्री दोन ओळींची अदलाबदल केली, काम पुन्हा सोडलं.
बोटांना वास होता, तो कीबोर्डला लागला.
सकाळपर्यंत ठिपके एकेक करून रेषेवर आले,
शेवटचा सोडून. अगदी कडेचा,
डिटेक्टर जिथे विरळ होतो तिथला,
अर्धा टक्का वर तरंगत राहिला. का, ते कळलं नाही.
त्याला एक लांब उभी रेघ दिली,
आमच्यात माहीत नाही असं म्हणायची तीच रीत.

आईने चहा आणला. झालं का गं जेटीचं?
झालं, म्हटलं.
एक टोक अजून पाण्यात आहे.