पेटी_हलवा

कळमन्याच्या शीतगृहात एका साधनाचं नाव पेटी_हलवा.
गाजराचा की दुधीचा, असं हसायचो आम्ही.
खाली माझीच एक ओळ: "पेटी हलवते."
आम्हाला पुरायची. अडलंच
तर जिना उतरून बोरकुटेंना विचारायचं.

एजंट जिना उतरत नाही.
मे महिन्यातल्या एका रात्री त्यानं ती ओळ वाचली
आणि मृगबहाराच्या चाळीस पेट्या
थंड खोलीतून पट्ट्यावर, पट्ट्यावरून धक्क्यावर,
नीट, क्रमानं.
कुठं, ते रिकामं सोडलं की धक्का,
हे फक्त मला ठाऊक होतं.

सकाळी दहालाच एकेचाळीस. वास जिन्यापर्यंत.
बोरकुटे म्हणाले, "त्याले काहून बोलता मॅडम?
कुठी ठिवाचं, कोनी सांगतलंच नाही ना त्याले."

आता कूलरचे शिंतोडे झेलत लिहिते आहे.
कुठून. कुठं. एका वेळी किती.
ठिकाण दिलं नसेल तर थांब, विचार; अंदाज नको.
हे साधन पेटी उघडत नाही, मोजत नाही,
हलवलेली परत आणत नाही.
एवढ्या शेवटच्या ओळीला
अख्खी दुपार गेली.

बर्डीवर कुणी पत्ता विचारला
तर मीही म्हणते, हे काय, समोरच.

संध्याकाळी बोरकुटेंना वाचून दाखवलं.
डोळे मिटून ऐकत होते, मध्येच हात वर केला:
"थंड खोली म्हंता. थंड म्हंजे किती?"

खोडलं. सहा अंश, लिहिलं.
"आन् दार उघडं असन तं?"